रेड टेल कॅटफिशसाठी टाकी किती मोठी हवी? (सोलापूर)

जुळेसोलापूर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तिच्यात एंजल व गुरामी व्यवस्थित नांदत आहेत. आता माझ्या पुतण्याचे मन रेड टेल कॅटफिशवर बसले आहे. शहरातील एका दुकानात त्याची पिल्ले आली आहेत. ती जेमतेम तीन इंचांची आहेत, वरून काळसर, पोटाला पांढरा पट्टा आणि शेपटी केशरी-लाल. दुकानदाराचे म्हणणे असे की सहा बाय दोन बाय दोनची टाकी या माशाला जन्मभर पुरते, कारण मासा टाकीच्या मापानेच वाढतो. हे मला पटत नाही, म्हणून पिल्लू घेण्याआधी येथे विचारतो आहे.

जागेचे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे पहिल्या मजल्यावरचा आमचा हॉल. दुसरा म्हणजे अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यातील रिकामी बाजू. काही माग विकल्यामुळे तेथे तळमजल्यावर भरपूर जागा मोकळी झाली आहे, बोअरही आहे. उरलेले माग मात्र चालू आहेत. जाणकारांनी मापासह सांगावे, ही विनंती.

भीमाकाठ

पिल्लू घेण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण या माशाच्या बाबतीत नंतर विचारून हाती फारसे काही उरत नाही.

प्रथम मासा समजून घेऊ. रेड टेल कॅटफिश, शास्त्रीय नाव फ्रॅक्टोसेफॅलस हेमिओलिऑप्टेरस, हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला मासा आहे. तेथे तो एक मीटरच्या पुढे जातो आणि गळाला पन्नास किलोंहून अधिक वजनाचे मासे लागल्याची नोंद आहे. टाकीत तो इतका जड होत नाही, पण पोटभर खाणे आणि बरे पाणी मिळाले तर तीन फूट सहज गाठतो. तीन इंचांचे पिल्लू पहिल्याच वर्षात एक ते दीड फुटाचे होते. आयुष्य पंधरा वर्षांच्या पुढे. म्हणजे आपण आज पिल्लासाठी टाकी निवडत नसून, पुतण्या कमावता होईल तेव्हाही जिवंत असणाऱ्या तीन-सव्वातीन फुटी माशासाठी जागा निवडत आहोत.

टाकीचे माप लिटरवरून ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. लिटरचा आकडा फिल्टर आणि औषधाच्या हिशेबासाठी उपयोगी असतो. माशाला मात्र तळाचे क्षेत्रफळ लागते, आणि त्यातही रुंदी. हा तळाशी राहणारा, जड डोक्याचा मासा आहे. त्याला वळताना शरीर वाकवावे लागू नये इतकी रुंदी मिळाली, तरच तो पोहतो. नाहीतर एकाच कोपऱ्यात पडून राहतो. माझा आडाखा असा की पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या किमान दीडपट रुंदी आणि किमान चौपट लांबी असावी. रेड टेल एक मीटरचा धरला तर रुंदी दीड मीटर म्हणजे पाच फूट, आणि लांबी चार मीटर म्हणजे साधारण तेरा फूट होते. मिशा, शेपूट आणि चुकून अधिक वाढलेला मासा यांचा विचार करून मी चौदा बाय सहा बाय तीन असे माप सांगेन. हे २५२ घनफूट झाले. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण ७,१०० लिटरच्या आसपास. उंची तीन फुटांच्या वर नेण्याची गरज नाही. त्यामुळे फक्त खर्च आणि दाब वाढतो.

दुकानदाराच्या सहा बाय दोन बाय दोनला हाच आडाखा लावून पाहा. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदी, त्यामुळे त्या टाकीत ४० सेंटिमीटरपर्यंतचा मासा बरा राहील. रेड टेल हे माप वर्षभरातच ओलांडतो.

"मासा टाकीच्या मापानेच वाढतो" या वाक्याविषयी थोडे लिहितो, कारण आपल्याकडे ते जवळपास प्रत्येक दुकानात ऐकू येते. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते हे खरे आहे, पण ती टाकी पाहून खुंटत नाही. पाण्यात साठत गेलेला नायट्रेट (माशाच्या विष्ठेतून शेवटी तयार होणारा क्षार), अपुरा प्राणवायू, हालचालीचा अभाव आणि सततचा ताण यांमुळे ती खुंटते. अशा माशाचा कणा वाकतो, डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते आणि आयुष्यही बरेच कमी होते.

शेळगी_मत्स्यछंद

भीमाकाठ यांच्या अभ्यासाविषयी आदर आहे, पण मला हे माप अवास्तव वाटते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे सहा बाय दोन बाय दोनमध्येच रेड टेल आहे. दोन वर्षे झाली, मासा जवळजवळ दोन फुटांचा आहे, हातातून खातो, कधी आजारी पडलेला नाही. चौदा फुटांचा हौद बांधायचा म्हटले तर मध्यमवर्गीय माणसाने हा छंद करूच नये, असा त्याचा अर्थ होतो. मासा खातो आहे, वाढतो आहे, मग अडचण कोठे आहे?

भीमाकाठ

खाणे हे या माशाच्या सुखाचे लक्षण मानता येत नाही. रेड टेल फार वाईट पाण्यातही खातो. खाणे सोडतो तेव्हा सहसा वेळ निघून गेलेली असते. आपण पुन्हा तेथे गेलात तर अर्धा तास टाकीसमोर बसून तीन गोष्टी पाहा. पहिली, मासा वळताना शेपटीचे टोक मागच्या काचेला आणि तोंड पुढच्या काचेला एकाच वेळी लागते का. दुसरी, वरच्या ओठाचा आणि नाकाडाचा भाग घासून गुलाबी किंवा पांढरट पडला आहे का. तिसरी, लांब मिशा टोकाशी झिजून आखूड झाल्या आहेत का. दोन फुटी मासा दोन फुटी रुंदीत असेल तर या तिन्ही खुणा दिसतातच. मिशा हे त्याचे अंधारातले डोळे आहेत, कारण तो रात्री हिंडणारा आणि चवीवर व स्पर्शावर भक्ष्य शोधणारा मासा आहे.

मध्यमवर्गीय माणसाने छंद करू नये, असे मी अजिबात म्हणत नाही. जागेला शोभेल असा मासा निवडावा, एवढेच म्हणतो. शिकारी कॅटफिश लहान आकाराचेही असतात. त्याविषयी खाली लिहीनच.

स्थापत्य_सोलापूर

मी माशांतला नाही, बांधकामातला आहे. जागेविषयी विचारले आहे म्हणून लिहितो.

पाण्याच्या वजनाचा हिशेब सोपा आहे. टाकी कितीही लांब-रुंद असली तरी एक मीटर खोल पाणी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार टाकते. तीन फूट खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला ९०० किलोंच्या पुढे जातो. दोन फूट पाण्याचा सुमारे ६०० किलो, शिवाय काच, वाळू आणि स्टँड वेगळे. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ या मानकानुसार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढ्या वापरभारासाठी काढलेला असतो. सहा फुटी टाकीचा पाया लहान असल्याने तो भार आजूबाजूच्या स्लॅबवर वाटला जातो आणि ती तुळईच्या वर, भिंतीलगत ठेवली तर अनेक घरांत चालते, पण तरीही इमारतीचे नकाशे पाहणाऱ्या अभियंत्याला विचारूनच ठेवावी. सात टनांचा हौद पहिल्या मजल्यावर ठेवण्याचा विचारही करू नये. गावठाणातल्या जुन्या माळवदाच्या घरांत तर सहा फुटी टाकीसुद्धा फक्त तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवरच ठेवावी.

कारखान्याची बाजू या दृष्टीने योग्य आहे. मात्र जुनी फरशी भरावावर टाकलेली असेल तर ती काढून खाली मुरूम दाबून घ्यावा, पीसीसी (साधे काँक्रीट) करावे आणि त्यावर हौद आरसीसीमध्ये बांधावा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो व पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) फार वर जातो, त्यामुळे क्युरिंग झाल्यावर हौद अनेकदा भरून रिकामा करावा आणि आतून पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालेल असे इपॉक्सी लावावे.

जुळेसोलापूर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. हॉलचा विचार सोडला. कारखान्यात चौदा बाय सहाची जागा निघू शकते आणि बांधकामाचा खर्चही घरच्यांशी बोलून जमवता येईल. पण पाण्याचे काय? नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, हे आपण सगळे जाणतोच. बोअरला पाणी आहे, उन्हाळ्यात ते खाली जाते.

भीमाकाठ

आता आपण मूळ प्रश्नाला हात घातलात. सोलापुरात टाकीचे माप जागेवरून किंवा पैशावरून ठरवण्याआधी पाण्यावरून ठरवावे लागते.

हौद ७,१०० लिटरचा. एक मोठा शिकारी मासा मांसाहारी असल्याने त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बराच अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात, पण नायट्रेट पाण्यातच साठत राहतो आणि तो काढण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे पाणी बदलणे. आठवड्याला तीस टक्के धरले तरी २,१०० लिटरच्या वर पाणी लागते. बहुतेक घरांच्या गच्चीवर एक हजार लिटरची टाकी असते. तशा दोन टाक्या दर आठवड्याला फक्त एका माशासाठी. याशिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवन आहे. दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले तर या हौदातून ७८ लिटर कमी होतात. तेवढे वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, कारण उडते ते फक्त पाणी आणि क्षार व नायट्रेट मागेच राहतात. बोअरचे जड पाणी वारंवार वरून टाकत गेल्यास हौदातील पाणी महिन्यागणिक अधिक जड होत जाते.

जड पाणी रेड टेल बऱ्यापैकी सोसतो. अडचण अमोनियाची आहे, कारण बोअरच्या अशा पाण्याचा पीएच सहसा चढा असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियातील विषारी भाग सुमारे दहापट होतो, आणि तापमान वाढले की तो आणखी वाढतो. ज्या अमोनियाने मऊ पाण्यात मासा नुसता सुस्तावतो, त्याच अमोनियाने आपल्या बोअरच्या पाण्यात मे महिन्यात कल्ले जळतात. त्यातच तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पत्र्याच्या शेडखाली, बाहेर पारा ४३-४४ वर असताना वीज गेली, तर मोठा मासा किती वेळ तग धरेल हे सांगता येत नाही. त्यामुळे बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन न मानता बांधकामाचाच भाग मानावा, आणि हौदावरच्या पत्र्याखाली उष्णतारोधक आच्छादन घालावे.

फिल्टर संप पद्धतीचा, म्हणजे हौदाशेजारच्या वेगळ्या टाकीत पाणी गाळणारा, किमान बाराशे लिटरचा करावा. पाणी तासाला चार वेळा फिरावे, म्हणजे जवळपास २८ हजार लिटर. यासाठी एक मोठा पंप घेऊ नये, दोन मध्यम घ्यावेत. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. प्रत्येकी शंभर वॅट धरले तरी महिन्याला १४४ युनिट वीज होते. हीटर हौदात कधीच ठेवू नये, संपमध्येच ठेवावा, कारण रेड टेल हीटर फोडतो आणि कधी गिळतोही. तळाला गोटे किंवा खडी नको. तोंडात मावेल ते तो गिळून पाहतो. तळ मोकळा ठेवावा किंवा बारीक वाळूचा पातळ थर द्यावा.

नळाचे पाणी थेट सोडू नये. क्लोरीन कल्ल्यांना आणि फिल्टरच्या जिवाणूंना दोघांनाही मारते. बदलायचे पाणी वेगळ्या टाकीत साठवून, हवा देऊन, दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन घालूनच आत घ्यावे. निघालेले पाणी मात्र वाया जात नाही. नायट्रेटयुक्त असल्याने ते झाडांना उत्तम. कारखान्याभोवती झाडे असतील तर त्यांची सोय होईल.

हे सगळे वर्षातले बावन्न आठवडे, पंधराहून अधिक वर्षे, जेव्हा टँकरसाठी लोक रांगेत असतात तेव्हासुद्धा करता येईल का, याचे उत्तर घरात बसून द्यावे. तीन आठवडे पाणी बदलता आले नाही तरी निभावेल असा साठा हाताशी नसेल, तर हा मासा घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

उत्तरकसबा

रेड टेलऐवजी टायगर शॉव्हेलनोज हा दुसरा कॅटफिश घेतला तर? तो सडपातळ असतो. किंवा आपला देशी शिवडा? उजनीकडच्या मच्छीमारांकडून पिल्लू मिळू शकेल असे ऐकतो. देशी मासा असल्याने इथले पाणी आणि ऊन त्याला मानवेल.

भीमाकाठ

टायगर शॉव्हेलनोज सडपातळ असला तरी लांबीला रेड टेलच्या बरोबरीचाच, शिवाय अतिशय बुजरा. दिवा अचानक लावला तर सरळ काचेवर धडकतो आणि नाकाड फोडून घेतो. दुकानात या दोघांचा संकरही विकला जातो. त्यालाही हेच माप लागते.

शिवडा, म्हणजे वालागो अट्टू, हा एक मीटरच्या आसपास सहज जाणारा, मोठ्या जबड्याचा आणि खोल, संथ पाण्याचा मासा आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत तो २०१९ पासून असुरक्षित गटात आहे. नदीतून पिल्लू उचलून हौदात ठेवण्याचे समर्थन मी करू शकत नाही. शिंगटा हा दुसरा देशी कॅटफिश पाळण्याची कल्पनाही कोणी सुचवतात. तोही मोठा होणारा मासा आहे.

याच ओघात एक गोष्ट कळकळीने सांगतो. मासा मोठा झाला की "तळ्यात सोडून देऊ" असे काही जण सहज म्हणतात. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा, उजनी, कोठेही, कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापी (तिलापिया) माशाने काय केले ते भिगवणपासून करमाळ्यापर्यंतचा कोणताही जुना मच्छीमार सांगेल. केरळमध्ये २०१८ च्या महापुरात खासगी तळ्यांतले अरापाइमा हे ॲमेझॉनचे महाकाय मासे नद्यांत गेले आणि लोकांच्या जाळ्यात सापडले. भीमेच्या खोऱ्यात आधीच पुरेशी संकटे आहेत.

पूर्वभाग_यंत्रमाग

आमचाही मागाचाच व्यवसाय आहे, म्हणून एक मुद्दा. माग चालू असताना शेडची जमीन सतत थरथरत असते. स्टुलावर ठेवलेल्या तांब्यातील पाण्यावर बारीक वर्तुळे उठताना आम्ही रोज पाहतो. शिवाय सुताची धूळ हवेत असते आणि ती सगळीकडे बसते. त्या शेडमध्ये हौद चालेल का?

भीमाकाठ

अत्यंत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो मला सुचला नव्हता. कॅटफिशच्या गटातील माशांमध्ये वाताशय (शरीरातली हवेची पिशवी) आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. तिला वेबरियन हाडे म्हणतात. तिच्यामुळे हे मासे इतर अनेक माशांपेक्षा चांगले ऐकतात आणि जमिनीतून पाण्यात येणारा कंपही त्यांना जाणवतो. दिवसभर माग चालणाऱ्या जमिनीला जोडून बांधलेल्या हौदात हा मासा शांत राहील, असे मला वाटत नाही. हौदाचा पाया शेडच्या जमिनीपासून वेगळा करून मध्ये सांधा ठेवला तर कंप कमी होईल, पण हवेतून येणारा आवाज राहीलच. सुताची धूळ पाण्यावर साय धरते आणि हवेशी होणारी देवाणघेवाण कमी करते. पंपाच्या जाळ्याही रोज धुवाव्या लागतील. वेगळी भिंत घालून खोली केल्याशिवाय तेथे हौद नको.

स्थापत्य_सोलापूर

सहमत आहे. वेगळा पाया आणि भिंत धरली तर बांधकामाचा खर्च मूळ अंदाजाच्या बराच पुढे जाईल, हेही धरून चालावे.

जुळेसोलापूर (धागाकर्ता)

सगळे वाचून पुतण्याला समोर बसवले आणि पाण्याचा हिशेब त्याच्याकडूनच कागदावर करून घेतला. आठवड्याला एकवीसशे लिटर हा आकडा त्याने दोनदा तपासला. रेड टेलचा विचार आम्ही सोडला आहे. कारखान्याच्या कार्यालयाची खोली मागांपासून दूर, वेगळ्या पायावर आणि तळमजल्यावर आहे. तेथे सहा बाय दोन बाय दोन ठेवता येईल. एवढ्या टाकीत लांब मिशांचा, शिकारी वृत्तीचा कोणता कॅटफिश शोभेल?

भीमाकाठ

लिमा शॉव्हेलनोज, म्हणजे सोरुबिम लिमा. तोही दक्षिण अमेरिकेतलाच आहे. चपटे लांब तोंड, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, आणि टाकीत साधारण ४० सेंटिमीटर. वर सांगितलेला आडाखा लावा: दीडपट म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदी, चौपट म्हणजे १६० सेंटिमीटर लांबी; सहा बाय दोनमध्ये तो नेमका बसतो. हा घोळक्याने राहणारा मासा असल्याने तीन घ्यावेत. टाकीत उभी लाकडे किंवा उंच रोपे जरूर ठेवा, कारण दिवसा हे मासे त्यांच्या आडोशाला डोके खाली करून उभे राहतात; पुतण्याला हे दृश्य आवडेल. बोटभर लांबीचे मासे सोबत ठेवू नयेत, ते रात्रीतून नाहीसे होतात. एंजल आणि गुरामी जुन्या टाकीतच राहू द्यावेत.

खायला गोल्डफिश किंवा इतर जिवंत मासे देऊ नका. गोल्डफिशमध्ये थायमिनेज हे ब जीवनसत्त्व १ मोडणारे द्रव्य असते आणि ते सतत खाल्ल्याने माशाला ब जीवनसत्त्व १ कमी पडते. रोगही त्यांच्याबरोबरच येतात. चिलापीच्या मांसाचे तुकडे, सोललेली कोळंबी आणि तळाला बसणाऱ्या गोळ्या द्याव्यात; पिल्लांना रोज थोडे, मोठे झाल्यावर एक दिवसाआड. गोळ्यांची सवय लहानपणीच लावावी.

टाकी ६८० लिटरची आहे, म्हणजे आठवड्याला दोनशे लिटर पाणी बदलावे लागेल. दोनशे लिटरचे एक झाकणाचे पिंप कार्यालयात ठेवले आणि नळाला पाणी आले की भरून अँटिक्लोरीन घालून ठेवले, तर चार-पाच दिवसांआडच्या पाण्यातही अडचण येणार नाही. टाकी भरल्यावर फिल्टर निदान महिनाभर चालवून, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याचे टेस्ट किटने पाहूनच मासे आणावेत. जुन्या टाकीच्या फिल्टरमधला थोडा स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवलात तर हा काळ कमी होईल.

जुळेसोलापूर (धागाकर्ता)

काच किती जाडीची घ्यावी आणि वरून झाकण हवे का?

भीमाकाठ

दोन फूट उंचीला १२ मिलिमीटरची काच, वरून कडेने पट्ट्या आणि मध्ये आडवी पट्टी. स्टँड लोखंडी चौकोनी नळीचा, पाणसळीने तपासलेला, आणि काचेखाली थर्माकोलची शीट. झाकण हवेच, तेही जड. लिमा बुजून उडी मारतो, आणि कार्यालयात रात्री कोणी नसते. टाकीतला दिवा लावण्याआधी खोलीतला दिवा लावायचा, एवढे सर्वांना सांगून ठेवा.